तळपाय कोण बघतं?



त्वचेच्या कर्करोगावर बोलणार म्हटलं की पहिली शंका श्रोत्यांतूनच येते. ‘डॉक्टर, हा तर गोऱ्या लोकांचा आजार. आपल्याला कुठे होतो?’ शंका अगदीच चुकीची नाही. ऑस्ट्रेलियात हा आजार इतका बोकाळलेला आहे की १९८१ पासून तिथे मुलांना सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला हे गाण्यातून शिकवतात. मेलबर्न-सिडनीला स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना विचारा, नातवंडं टोपीशिवाय शाळेच्या मैदानावर उतरू शकत नाहीत. भारतात मात्र एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा जेमतेम एक टक्का, किंवा त्याहूनही कमी. आपल्या कातडीतलं मेलॅनिन उन्हाचा मारा बराचसा अडवतं.

हे सगळं खरं. पण त्यावरून ‘म्हणजे आपण बघायची गरज नाही’ असं जे आपण ठरवून टाकतो, ते महागात पडतं. आपल्याकडे हा आजार कमी आहे, पण जेवढा आहे तेवढा उशिरा सापडतो, कारण तो भलत्याच जागी असतो. आज मी भिंगांबद्दल, कॅमेऱ्यांबद्दल आणि संगणकाबद्दल बोलणार आहे. बोलण्याचा रोख मात्र एकच: यंत्र कितीही चांगलं असो, ते शरीरावर कुठे रोखणार आणि त्याला कोणाची कातडी दाखवून शिकवलंय, हे आधी विचारायचं.

जागेचा हा मुद्दा आपल्याच एका मोठ्या माणसाने फार पूर्वी मांडला होता. डॉ. वसंत रामजी खानोलकर. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं आणि तिथल्या विकृतिशास्त्र प्रयोगशाळेची घडी खानोलकरांनी बसवली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघताना या माणसाच्या डोक्यात प्रश्न असायचा तो पेशंट काय नेसतो, काय खातो, काय चघळतो याचा. १९४५ मध्ये त्यांनी सहकारी सूर्याबाईंबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. माणसांच्या सवयी आणि कर्करोग यांचं नातं हा त्याचा विषय, आणि त्यात कंबरेवरच्या एका कर्करोगाचं वर्णन होतं. धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून आवळलेलं, घाम, मळ, घर्षण. आधी कातडी काळवंडते, मग जाड होते, खाज येते, भेगा पडतात, आणि कोणा एखाद्याच्या बाबतीत त्यातून न भरणारी जखम होते. वैद्यकीय ग्रंथांत त्याचं नाव आजही ‘धोतर कर्करोग’ असंच आहे. पुढे परकराच्या नाडीखाली, त्याच कंबरपट्ट्यावर, स्त्रियांमध्ये तोच प्रकार दिसला. काश्मीरमध्ये तर एल्मस्ली या मिशनरी डॉक्टरने १८६६ सालीच फिरनच्या, म्हणजे सैल अंगरख्याच्या, आत धरलेल्या कांगडीच्या (निखाऱ्यांच्या छोट्या शेगडीच्या) शेकाने पोटावर आणि मांडीवर होणारा कर्करोग नोंदवून ठेवला होता.

या सगळ्यांत ऊन कुठेच नाही. कंबर झाकलेली, पोट झाकलेलं. जुना भाजल्याचा व्रण झाकलेला. तो व्रण पंचवीस-तीस वर्षांनी फुटतो, चिघळतो, आणि घरात म्हणतात की ‘जुनी जखम पुन्हा उघडली’. कुष्ठरोगात पाय बधिर झालेला असतो, तळव्याच्या जखमेवर पट्टी बदलण्यात वर्षं जातात, आणि त्या जखमेच्या कडेला फुलकोबीसारखं मांस कधी वर आलं हे कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा ठिकाणी महागडं यंत्र लागत नाही. कडेचा तुकडा काढून बायोप्सीला पाठवला की झालं. तेवढंच होत नाही.

आता मेलॅनोमाकडे वळतो. त्वचेच्या कर्करोगांत हा सगळ्यात घातक, आणि लवकर निदानाचा खरा फायदा याच्यातच. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींचा हा कर्करोग आधी कातडीच्या वरच्या थरात आडवा पसरतो आणि मग खाली उतरू लागतो. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी विकृतितज्ज्ञाने १९७० मध्ये दाखवून दिलं की पेशंटचं भवितव्य सर्वांत जास्त ठरतं ते गाठ किती मिलिमीटर खोल गेली आहे यावर. आजही अहवालात आम्ही आधी तोच आकडा शोधतो. १ मिलिमीटरपेक्षा पातळ असताना काढली तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर. ४ मिलिमीटरच्या पुढे गेली की हिशेबच बदलतो. एका मिलिमीटरवर इतकं काही अवलंबून असलेला दुसरा आजार मला तरी पटकन आठवत नाही.

साध्या डोळ्यांना हे लवकर कळावं म्हणून न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये ए-बी-सी-डी असं सूत्र काढलं: तिळाच्या दोन बाजू सारख्या नसणं, कडा ओबडधोबड असणं, एकाहून जास्त रंग, आणि ६ मिलिमीटरहून मोठा आकार. नंतर त्यात ‘ई’ची भर पडली, म्हणजे काळाबरोबर बदलणं. मला विचाराल तर या पाचांतलं शेवटचं सगळ्यात मोलाचं. वर्षानुवर्षं जसा आहे तसा राहणारा तीळ, मग तो दिसायला कसाही असो, सहसा निरुपद्रवी असतो.

साध्या डोळ्याला मर्यादा आहे ती प्रकाशाची. कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा. त्यावर पडलेला बराचसा उजेड तिथूनच मागे फिरतो, आणि आपण बघतो ती नुसती चकाकी. तेलाचा थेंब टाकून वर काच दाबली की ही चकाकी मरते आणि खालचं दिसू लागतं. जर्मनीतल्या उना या डॉक्टरांनी १८९० च्या दशकात हे ओळखलं होतं. आजचा डर्मोस्कोप म्हणजे तीच युक्ती, खिशात मावणारी: दहापट मोठं दाखवणारं भिंग, भोवती दिवे, आणि नव्या यंत्रांत ध्रुवीकृत प्रकाश, ज्याला तेलही लागत नाही. आम्ही तेलाऐवजी सोनोग्राफीची जेली लावतो. स्वस्त, आणि कुठल्याही इस्पितळात हाताशी असते.

त्या भिंगाखाली रंगच खोली सांगतात. मेलॅनिन अगदी वर असेल तर काळं दिसतं, थोडं खाली असेल तर तपकिरी, आणि आतल्या थरात उतरलं असेल तर करडं किंवा निळसर. म्हणजे निळी छटा दिसली की आम्ही खुर्चीत ताठ बसतो. ग्लासगोच्या रोना मॅकी यांनी १९७१ मध्ये काळ्या डागांसाठी या पद्धतीचा उपयोग दाखवला, १९८७ मध्ये व्हिएन्नाच्या मंडळींनी आकृतिबंधांची रीतसर वर्गवारी केली, आणि तिथून पुढे हे शास्त्र झपाट्याने वाढलं. एक अट मात्र आहे. डर्मोस्कोपचा फायदा शिकलेल्या डोळ्यालाच होतो. न शिकता नुसतं भिंग लावलं तर निदान सुधारत नाही, उलट चुकीचा आत्मविश्वास वाढतो.

आता आपल्या जागेवर येऊ या, म्हणजे तळपायावर. सावळ्या आणि काळ्या कातडीच्या माणसांत मेलॅनोमा होतो तो प्रामुख्याने तळपाय, तळहात आणि नखाखाली. या प्रकाराशी उन्हाचं नातं फारसं दिसत नाही. गायक बॉब मार्ले याचं उदाहरण जगाला ठाऊक आहे. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हा आजार सापडला. आधी तो फुटबॉल खेळताना झालेला मार वाटला होता. ११ मे १९८१ रोजी, छत्तिसाव्या वर्षी, तो गेला. आपल्याकडे फुटबॉलच्या जागी काटा असतो, ठेच असते, कुरूप असतं. मी ज्या बाह्यरुग्ण विभागात बसायचो तिथे टाचेवर काळा डाग घेऊन एक शेतकरी बाई आल्या होत्या. कुरूप समजून त्यांनी गावातल्या दुकानातली कॉर्न कॅप लावली होती, ती सोलून निघाली तेव्हा रक्त आलं, मग कोणी बिब्बा लावला. माझ्यासमोर पाय आला तेव्हा त्या काळ्यात डाग किती, बिब्ब्याने भाजलेलं किती आणि भेगांतला मळ किती, हे सांगणं कठीण होतं. जगातल्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात तसलं चित्र नव्हतं.

मग तळपायावरचा साधा तीळ आणि मेलॅनोमा यांत फरक कसा करायचा? याचं उत्तर दिलं जपानने, कारण जपान्यांत मेलॅनोमाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच. शिन्शू विद्यापीठाचे तोशिआकी साइदा आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं तळपाय बघत राहिले. आपल्या तळव्यावर अंगठ्याच्या ठशासारख्या समांतर रेषा असतात. शेतकऱ्याला एका वाक्यात समजेल: तळपाय म्हणजे सरी-वरंब्याचं रान आहे. साध्या तिळाचा रंग सऱ्यांमधून वाहतो, मेलॅनोमाचा रंग वरंब्यांवर चढतो. बस्स. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वरंब्यावरच्या रंगाची ही खूण मेलॅनोमाच्या ८६ टक्के पेशंटांत दिसली, आणि निरुपद्रवी डागांपैकी ९९ टक्क्यांत ती नव्हती. एवढी सोपी आणि एवढी भरवशाची खूण वैद्यकात क्वचित सापडते.

वरंबा कोणता आणि सरी कोणती हे भिंगाखाली कसं ओळखायचं? वरंब्यावर घामाच्या ग्रंथींची तोंडं असतात, ती पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीसारखी दिसतात. तरीही घोळ झाला तर एक युक्ती आहे. डागावर शाईच्या पेनाची शाई फासायची आणि बोळ्याने पुसून टाकायची. वरंब्यावरची शाई पुसली जाते, सरीतली राहते. मग भिंग लावायचं आणि बघायचं, डागाचा रंग शाईच्या रेषेवर पडतोय की दोन रेषांच्या मध्ये. शिकाऊ डॉक्टरांना मी हे करून दाखवतो तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. लाखांच्या यंत्रांची जाहिरात वाचून आलेली ही मुलं, आणि निदान होतं ते शाईने.

नखाबद्दल थोडक्यात. सावळ्या माणसांच्या नखांवर उभ्या तपकिरी रेघा असणं अगदी नेहमीचं. बऱ्याच नखांवर असतील तर घाबरू नये. चाळिशी-पन्नाशीनंतर एकाच नखावर नवी रेघ उमटली, ती मुळाशी रुंद होत चालली, किंवा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, तर मात्र नखतज्ज्ञाची वाट न बघता त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. ही शेवटची खूण हचिन्सन या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवली आहे.

आता मोठी यंत्रं. यांतलं मला सर्वांत लाडकं यंत्र म्हणजे कॉन्फोकल मायक्रोस्कोप, आणि लाडकं असण्याचं एक कारण अगदीच पक्षपाती आहे. १९९५ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या प्रयोगशाळेतून एक निबंध आला. त्यावरचं पहिलं नाव होतं मिलिंद राजाध्यक्ष. हे आडनाव कुठलं ते या सभागृहात सांगायला नको. लेसरचा बारीक ठिपका कातडीवर फिरवायचा, ठरलेल्या खोलीवरून परत येणारा प्रकाशच तेवढा टिपायचा, बाकीचा गाळून टाकायचा, आणि सुरी न लावता जिवंत पेशी पडद्यावर बघायच्या. त्या निबंधाने दाखवलं की हे चित्र उजळवण्याचं काम करतं मेलॅनिन. जो रंग आपल्याला काळा दिसतो तो या यंत्रात लखलखीत पांढरा दिसतो. त्यामुळे सावळी कातडी याच्याखाली गोऱ्या कातडीहून उजळ निघते. जाहिरातीतल्या क्रीमवाल्यांना जे जमलं नाही ते लेसरने केलं म्हणायचं.

पण हे यंत्र जेमतेम पाव मिलिमीटर खोल बघू शकतं. चेहऱ्यावर, पाठीवर तेवढं पुरतं. तळपायाचा वरचा मृत थरच इतका जाड की यंत्राची नजर तिथेच अडखळते. म्हणजे आपल्याला जिथे गरज, तिथेच ते लंगडं.

ही एकट्या याच यंत्राची गोष्ट नाही. अमेरिकेत मेलाफाइंड नावाचं यंत्र २०११ मध्ये मंजूर झालं. वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात तिळाची चित्रं घेऊन ते कौल द्यायचं. चाचणीत त्याने ९८ टक्के मेलॅनोमा पकडले. ऐकायला उत्तम. पण निरुपद्रवी डागांपैकी ‘हा सोडा’ असं त्याने म्हटलं जेमतेम दहा टक्क्यांना. उरलेल्या सगळ्यांवर सुरी चालवा, हा त्याचा सल्ला. संशयखोर सासऱ्यासारखं ते यंत्र कोणाचंच नाव चांगल्या यादीत घालत नसे. काही वर्षांत ते बाजारातून गेलं. आणि तळहात, तळपाय, नखं या जागा त्याच्या मंजूर वापरातून वगळलेल्याच होत्या.

संगणकाचं काय? २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १,२९,४५० चित्रं दाखवून एका प्रणालीला शिकवलं आणि २१ त्वचारोगतज्ज्ञांशी तिची तुलना केली. ती त्यांच्या बरोबरीची ठरली. वर्तमानपत्रांत मथळे झळकले. पुढच्या वर्षी त्याच वर्तुळातून एक प्रामाणिक कबुलीही आली, ती मात्र मथळ्यात आली नाही. चित्रात मोजपट्टी असेल तर प्रणाली ‘कर्करोग’ म्हणण्याकडे झुकत होती. कारण सरळ आहे: डॉक्टरला संशय आला की तो डागाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढतो. यंत्र डागाइतकंच डॉक्टरचा संशय वाचायला शिकलं होतं. २०१९ मध्ये हायडेलबर्गच्या गटाने दाखवलं की शस्त्रक्रियेआधी कातडीवर जांभळ्या पेनाने खूण केली असेल तर निरुपद्रवी तिळालाही यंत्र मेलॅनोमा ठरवू लागतं. ती जांभळी शाई म्हणजे जेन्शन व्हायोलेट, आपल्या घराघरांतलं ‘जांभळं औषध’. आता मेंदी लावलेला, अळता लावलेला, हळदीने पिवळा झालेला, बिब्ब्याने डागलेला तळवा त्या यंत्रापुढे धरा आणि ते काय म्हणेल याचा विचार करा.

त्याहून मोठी अडचण कातडीच्या रंगाची आहे. संशोधक ज्याच्यावर सर्रास प्रणाली शिकवतात तो १०,०१५ चित्रांचा संच व्हिएन्ना आणि क्वीन्सलंड इथल्या पेशंटांचा आहे, म्हणजे जवळजवळ सगळा गोऱ्या कातडीचा. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्याच लोकांनी ६५६ चित्रांचा एक छोटा संच तयार केला. त्यात गोऱ्या आणि काळ्या दोन्ही कातड्या होत्या, आणि प्रत्येक चित्रामागे बायोप्सीचा अहवाल होता. गाजलेल्या प्रणाली त्यावर चालवून पाहिल्या तेव्हा सगळ्यांचे गुण घसरले, आणि काळ्या कातडीवर जास्त घसरले. समाधानाची बाब ही की काळ्या कातडीची चित्रं दाखवून पुन्हा शिकवल्यावर ही दरी भरून निघाली. म्हणजे दोष यंत्राच्या बुद्धीचा नव्हता. त्याला शिकवणीच अर्धवट मिळाली होती.

इथे एक इशारा देणं माझं कर्तव्य आहे. आपल्याकडे तीळ तपासणी शिबिरं आणि मोबाइलवरची अ‍ॅप यांचं पीक येऊ घातलंय. साधा हिशेब करा. दहा हजार माणसांत एखाद्यालाच मेलॅनोमा आहे असं धरा, आणि यंत्र निरोगी माणसांपैकी ९० टक्क्यांना बरोबर ‘ठीक’ सांगतं असं धरा. तरी हजारभर निरोगी माणसं ‘कर्करोगाचा संशय’ हे शब्द घेऊन घरी जातील. अमेरिकेत मेलॅनोमाच्या निदानांचं प्रमाण चाळीस वर्षांत सहापट झालं, पण मृत्यूंचं प्रमाण त्या मानाने जवळपास जागेवरच राहिलं. याचा अर्थ, ज्यांनी कधीच त्रास दिला नसता असे कितीतरी डाग ‘कर्करोग’ म्हणून कापले गेले. २०२३ मध्ये तिथल्या अधिकृत तज्ज्ञ गटानेही सांगितलं की लक्षणं नसलेल्या सगळ्यांची सरसकट त्वचा तपासणी करावी असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. जिथे आजार उदंड आहे तिथे ही स्थिती. आपण सरसकट तपासणीच्या मागे लागणं म्हणजे पैशाचा अपव्यय आणि भीतीचा व्यापार, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग करायचं काय? दोन कामं, आणि दोन्ही स्वस्त आहेत. पहिलं सर्वसामान्य डॉक्टरांचं. मधुमेहाच्या पेशंटचा पाय तुम्ही बघताच, किंवा बघायला हवा. तेव्हाच तळवा आणि नखं बघा. भेगा पुसून, बोटांच्या बेचक्या उघडून. चार-सहा आठवड्यांत न भरलेली जखम, विशेषतः भाजल्याच्या व्रणावरची, मलमं बदलत बसण्यापेक्षा बायोप्सीला पाठवा. दुसरं काम आम्हा तज्ज्ञांचं आणि वैद्यकीय महाविद्यालयांचं. मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगर, मिरज, गोवा, सगळीकडे त्वचा विभाग आहेत, विकृतिशास्त्र विभाग आहेत, आणि आता प्रत्येकाच्या खिशात चांगला कॅमेरा आहे. आपल्या पेशंटांच्या तळव्यांची, नखांची, व्रणांची चित्रं, पेशंटच्या संमतीने, नाव-ओळख काढून, प्रत्येक चित्रामागे बायोप्सीचा निकाल जोडून एका जागी जमवा. मेंदीसकट, बिब्ब्यासकट. यंत्र बनवायला परदेशी कंपन्या आहेत. ही चित्रं मात्र त्यांच्याकडे नाहीत आणि आपण जमवल्याशिवाय कोणाकडेही असणार नाहीत.

आणि श्रोतेहो, तुमच्यासाठी एवढंच. चेहऱ्यावरच्या जन्मजात तिळाची काळजी सोडा. महिन्यातून एकदा, उजेडात बसून, स्वतःचे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे तळपाय बघा. वाकता येत नसेल त्यांचे तर नक्की बघा. तळव्यावर नवा काळा डाग दिसला, तो ७ मिलिमीटरहून मोठा असेल किंवा वाढत असेल, तर त्यावर कॉर्न कॅप, बिब्बा, ब्लेड यांपैकी काहीही लावू नका. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि तो पाय घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. तिथे डॉक्टर भिंग बाहेर न काढता लांबूनच ‘काही नाही’ म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.